व्हर्च्युअल लॅबचं नेटवर्क: कोणी कोणापर्यंत पोहोचायचं आणि कोणी नाही

व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, पुढे ‘व्हीएम’) नॅटवर, म्हणजे खऱ्या संगणकाच्या पत्त्यामागे, ठेवली की ती घरच्या नेटवर्कपासून वेगळी झाली, असं समजून चालणारे खूप जण आहेत. ती वेगळी झालेली नसते. बाहेरचं कोणी स्वतःहून तिच्यापर्यंत येऊ शकत नाही, एवढंच नॅटमुळे साधतं. ती मात्र हवी तिथे जाऊ शकते: इंटरनेटवर, राउटरच्या लॉगिन पानावर, त्याच वायफायवरच्या प्रिंटरवर, फाइल सर्व्हरच्या शेअरवर. म्हणजे हे आतून उघडणारं आणि बाहेरून न उघडणारं दार आहे. चोराला बाहेर ठेवायला ते ठीक आहे, चोराला आत कोंडायचं असेल तर अगदी उलटं दार लागतं.

लॅबमध्ये आपण बहुतेक वेळा चोरच आत आणतो. जाणूनबुजून कच्ची ठेवलेली मेटास्प्लॉइटेबल, वर्षानुवर्षं अपडेट न झालेली विंडोज, कुठून तरी उतरवलेली तयार इमेज, किंवा थेट मालवेअरचा नमुना. त्यामुळे ड्रॉपडाउनमधून कोणता मोड निवडू, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की कोणत्या मशीनने कोणाशी बोलणं सुरू करायचं आणि कोणी करायचं नाही.

आधी कागदावर

लॅब छोटी धरू. हल्ल्याची साधनं असलेली काली लिनक्स, तिच्यासमोर मेटास्प्लॉइटेबल २ आणि एक विंडोज, आणि मध्ये फायरवॉल म्हणून ओपीएनसेन्स. काली ज्या नेटवर्कवर आहे त्याला ‘शिकारी’ म्हणू, बाकी दोघी ज्यावर आहेत त्याला ‘सावज’. आता बाण काढा:

शिकारी → सावज: चालेल.
शिकारी → इंटरनेट: चालेल, अपडेट घ्यावे लागतात.
शिकारी → होस्ट (व्हीएम चालवणारा खरा संगणक) आणि घरचं नेटवर्क: नाही.
सावज → शिकारी: फक्त ठरवलेल्या पोर्टवर.
सावज → बाकी कुठेही: नाही.
होस्ट → फायरवॉलचं वेब पान: चालेल.

बाण म्हणजे जोडणी सुरू कोण करतं ते. उत्तराची पाकिटं आपोआप परत येतात, कारण फायरवॉल सुरू झालेल्या जोडण्या लक्षात ठेवते. चौथ्या ओळीकडे नीट बघा. सावजाला काहीच करू द्यायचं नाही असं ठरवून सगळं बंद केलं, तर रिव्हर्स शेलचा सराव होत नाही, कारण तिथे जोडणी सावजाकडून शिकाऱ्याकडे सुरू होते. मग वैतागून कोणी तरी ‘सगळं चालू’ असा नियम टाकतं आणि सगळी मेहनत वाया जाते. मेटास्प्लॉइट हे हल्ल्याचं साधन परत येणाऱ्या जोडणीसाठी सहसा ४४४४ पोर्ट धरतं. तेवढंच उघडं ठेवलं की सराव होतो आणि बाकीचं बंदच राहतं.

मोडचे खरे अर्थ

पुढचं सगळं व्हर्च्युअलबॉक्स हा हायपरव्हायजर, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रोग्राम, धरून लिहितो आहे, कारण ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतं. बाकीच्यांचं नंतर थोडक्यात येईलच.

नॅट हा मूळ मोड. प्रत्येक व्हीएमला स्वतःचा वेगळा नॅट मिळतो, आणि आत सगळ्यांनाच १०.०.२.१५ हाच पत्ता दिसतो. गेटवे १०.०.२.२, नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस १०.०.२.३. दोन व्हीएमचा पत्ता सारखा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. त्या एकमेकींना दिसतच नाहीत. पण १०.०.२.२ हे होस्टकडे जाणारं टोक आहे, आणि होस्टच्या मागचं घरचं नेटवर्कही तिथूनच गाठता येतं.

नॅट नेटवर्क म्हणजे एकाच नॅटमागे अनेक व्हीएम. त्या एकमेकींशी बोलतात आणि बाहेरही जातात. घाईच्या कामाला सोयीचं, वेगळेपणाच्या दृष्टीने नॅटइतकंच.

ब्रिज्ड म्हणजे व्हीएमला घरच्या नेटवर्कवर स्वतःच्या मॅक पत्त्याने (नेटवर्क कार्डाच्या ओळखीने) बसवणं. राउटर तिला एखाद्या फोनसारखाच पत्ता देतो. दुसऱ्या खऱ्या उपकरणाला व्हीएमपर्यंत पोहोचायचं असेल तरच हा मोड घ्या. कच्ची व्हीएम ब्रिज्डवर टाकणं म्हणजे ती घरातल्या प्रत्येक उपकरणासमोर उघडी ठेवणं. शिवाय ब्रिज्ड व्हीएमवर पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर चालू राहिला, तर घरातले फोन त्याच्याकडून पत्ते घेऊ लागतात आणि ‘इंटरनेट का गेलं’ याचा शोध भलत्याच दिशेने चालतो. वायफायवर ब्रिज आणखी बेभरवशाचा, कारण अॅक्सेस पॉइंट सहसा एका जोडणीवर एकच मॅक पत्ता मानतो आणि हायपरव्हायजरला मॅक बदलून पाठवायची कसरत करावी लागते.

होस्ट-ओन्ली हे फसवं नाव आहे. इंटरनेट नाही हे खरं, पण होस्ट स्वतः त्या नेटवर्कवर असतो, सहसा १९२.१६८.५६.१ वर. होस्टवर फाइल शेअरिंग, रिमोट डेस्कटॉप किंवा एसएसएच सगळ्या इंटरफेसवर ऐकत असेल, तर ४४५, ३३८९ आणि २२ हे पोर्ट त्या व्हीएमसमोर उघडे आहेत. मालवेअर पकडायला लोक सर्रास होस्ट-ओन्ली निवडतात. ते चुकीचं आहे. फायरवॉलचं पान उघडण्यासाठी मात्र हाच मोड उत्तम.

इंटर्नल नेटवर्क हा खरा बंद डबा. होस्ट त्यावर नाही, इंटरनेट नाही, डीएचसीपीही मुळात नाही. नावाने जोडलं जातं: ज्या व्हीएममध्ये सारखं नाव लिहिलं त्या एका स्विचवर. इथला सापळा असा की नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तर त्रुटी दिसत नाही, गुपचूप वेगळंच नेटवर्क तयार होतं. दोन व्हीएम एकमेकींना दिसत नसतील तर आधी नावाचं स्पेलिंग तपासा, आयपी नंतर.

इतर हायपरव्हायजरमध्ये

नावं बदलतात, गोष्ट तीच. तुम्हाला असा स्विच हवा आहे ज्याची एकही वायर होस्टकडे जात नाही.

हायपर-व्हीमध्ये तीन प्रकारचे स्विच असतात. एक्स्टर्नल म्हणजे ब्रिज, इंटर्नल म्हणजे होस्टसह, आणि प्रायव्हेट म्हणजे फक्त व्हीएम. म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समधलं ‘इंटर्नल’ आणि हायपर-व्हीमधलं ‘इंटर्नल’ यांचा अर्थ अगदी वेगळा आहे. एकावरून दुसऱ्यावर येणारे इथे हमखास अडकतात. विंडोजसोबत येणारा डीफॉल्ट स्विच नॅटवाला आहे, तो वेगळेपणासाठी वापरू नका.

व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये व्हीएमनेट ० ब्रिज, व्हीएमनेट १ होस्ट-ओन्ली आणि व्हीएमनेट ८ नॅट. बंद डबा हवा तर लॅन सेगमेंट घ्या, किंवा नवा व्हीएमनेट बनवून त्याला होस्टचा व्हर्च्युअल अडॅप्टर जोडण्याची खूण काढून टाका.

लिनक्सवर केव्हीएम आणि लिबव्हर्ट वापरत असाल तर मूळ नेटवर्क १९२.१६८.१२२.० चं, नॅटवालं. ‘आयसोलेटेड’ निवडलं तरी त्याला आयपी दिला असेल तर होस्ट त्यावर हजर असतो. होस्टलाही बाहेर ठेवायचं तर नेटवर्कच्या व्याख्येत फॉरवर्डही नको आणि आयपीही नको. लिबव्हर्टचं नॅट चालायला होस्टवर आयपी फॉरवर्डिंग चालू असावं लागतं, डॉकरही ते चालू करतं. अशा होस्टच्या दोन नेटवर्कमध्ये एक न मागितलेला राउटर, म्हणजे होस्ट स्वतः, उभा असू शकतो. प्रॉक्समॉक्समध्ये ज्या ब्रिजला फिजिकल पोर्टही नाही आणि पत्ताही नाही, तो बंद डबा.

पत्ते आधी ठरवा

रूटिंगच्या अर्ध्या तक्रारी पत्ते एकमेकांवर चढल्यामुळे येतात. खासगी वापरासाठी तीन पट्टे राखीव आहेत: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. त्यातले घरचे राउटर बहुधा १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० वापरतात, व्हर्च्युअलबॉक्सचा नॅट १०.०.२.०, होस्ट-ओन्ली १९२.१६८.५६.०, डॉकर १७२.१७.०.०. हे सगळे सोडून काहीतरी घ्या. मी इथे शिकारीला १०.५०.१०.०/२४ आणि सावजाला १०.५०.२०.०/२४ देतो. तिसरा आकडा नेटवर्कची ओळख, फायरवॉल नेहमी .१ वर. लॉग वाचताना याचा फार उपयोग होतो.

लिनक्स आणि मॅकवर ६.१.२८ नंतरच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये होस्ट-ओन्लीसाठी मूळात फक्त १९२.१६८.५६.०/२१ एवढाच पट्टा चालतो. दुसरा हवा असेल तर कॉन्फिगरेशन फाइलमध्ये परवानगी लिहावी लागते. त्या वाटेला जायची गरज नाही, ५६ चाच ठेवा.

उभारणी

१. नेटवर्क मॅनेजरमध्ये एक होस्ट-ओन्ली नेटवर्क आहे का बघा, नसेल तर बनवा. त्याचा डीएचसीपी बंद केला तरी चालेल, कारण त्यावर होस्ट आणि फायरवॉल सोडून तिसरं कोणी येणार नाही.

२. ओपीएनसेन्ससाठी नवी व्हीएम बनवा. प्रकार फ्रीबीएसडी ६४-बिट, दोन कोर, इन्स्टॉल करताना ४ जीबी मेमरी. नेटवर्कमध्ये चारही अडॅप्टर चालू करा: पहिला नॅट, दुसरा होस्ट-ओन्ली, तिसरा इंटर्नल नेटवर्क ‘शिकारी’, चौथा इंटर्नल नेटवर्क ‘सावज’. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत चारच अडॅप्टर दिसतात, म्हणून हा आराखडा चारात बसवला आहे. प्रत्यक्षात एका व्हीएमला आठ देता येतात, पण त्यासाठी कमांड लाइन लागते.

३. चारही अडॅप्टरचे मॅक पत्ते कागदावर उतरवून घ्या. सगळे ०८:००:२७ ने सुरू होतील, शेवटचे आकडे वेगळे असतील. फायरवॉलच्या कन्सोलवर चार इंटरफेस समोर येतात तेव्हा कोणता कुठला हे ओळखायची खात्रीची खूण एवढीच.

४. इन्स्टॉल झाल्यावर कन्सोलवरच इंटरफेस नेमा: पहिला वॅन (बाहेरची बाजू), दुसरा लॅन (आतली बाजू), तिसरा आणि चौथा ऑप्ट (जादा). मग लॅनचा पत्ता बदला. मूळ १९२.१६८.१.१ असतो आणि तो घरच्या राउटरवर आदळू शकतो. १९२.१६८.५६.२ द्या, मास्क २४, गेटवे रिकामा, लॅनवर डीएचसीपी नको.

लॅन होस्ट-ओन्लीवर ठेवण्यामागे कारण आहे. स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ नये म्हणून ओपीएनसेन्स लॅनवर आपलं वेब पान आपोआप उघडं ठेवतं, आणि लॅनला ‘सगळीकडे जा’ असा नियमही देतं. लॅनच्या जागी शिकारी बसवली असती तर या दोन्ही सवलती हल्ल्याच्या मशीनला मिळाल्या असत्या. ऑप्ट इंटरफेसला मात्र मूळात एकही नियम नसतो, म्हणजे सगळं बंद. आपल्याला तेच हवं आहे.

५. होस्टच्या ब्राउझरमधून १९२.१६८.५६.२ उघडा, मूळ पासवर्ड लगेच बदला. दोन्ही ऑप्ट चालू करून नावं द्या, पत्ते १०.५०.१०.१/२४ आणि १०.५०.२०.१/२४. आयपीव्ही६ दोन्हीकडे ‘काही नाही’ वर ठेवा. दोन्हीकडे डीएचसीपी चालू करा, .१०० ते .१९९ पुरे.

६. कालीचा एकमेव अडॅप्टर ‘शिकारी’वर, मेटास्प्लॉइटेबल आणि विंडोजचा ‘सावज’वर. कोणालाही दुसरा अडॅप्टर नको. ‘फक्त अपडेटसाठी’ म्हणून जोडलेला नॅटचा दुसरा अडॅप्टर हा फायरवॉलला वळसा घालणारा रस्ता असतो, आणि अपडेट झाल्यावर तो काढायचं राहूनच जातं.

विंडोजला जे काही उतरवायचं, अपडेट करायचं ते सावजावर नेण्याआधी नॅटवर करून घ्या, मग अडॅप्टर बदला. क्रम उलटा झाला की दुसऱ्या अडॅप्टरचा मोह होतो.

नियम

ओपीएनसेन्समध्ये नियम ज्या इंटरफेसमधून पाकीट आत येतं तिथे लिहितात, आणि वरून खाली पहिला जुळणारा नियम लागतो. म्हणून क्रमालाच महत्त्व. आधी ‘खासगी’ नावाचा एक एलियास, म्हणजे नाव दिलेली पत्त्यांची यादी, बनवा, त्यात वरचे तिन्ही खासगी पट्टे आणि १६९.२५४.०.०/१६.

शिकारी इंटरफेसवर, याच क्रमाने:

पहिला, फायरवॉलच्या १०.५०.१०.१ या पत्त्यावर पोर्ट ५३ ला परवानगी, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. दुसरा, १०.५०.२०.०/२४ ला परवानगी. तिसरा, ‘खासगी’ला मनाई, लॉगची खूण लावून. चौथा, उरलेल्या सगळ्याला परवानगी, फक्त आयपीव्ही४.

तिसऱ्या नियमात या लेखाचं निम्मं काम आहे. घरचा राउटर, प्रिंटर, होस्टचा घरचा पत्ता, १०.०.२.२, होस्ट-ओन्लीवरचा १९२.१६८.५६.१, फायरवॉलचं १०.५०.१०.१ वरचं वेब पान, सगळं त्यात अडतं. दुसरा आणि तिसरा यांची अदलाबदल झाली तर सावजही अडेल, कारण तेही १०.०.०.०/८ मध्येच येतं. तिसरा आणि चौथा उलटे झाले तर तिसऱ्यापर्यंत काही पोहोचणारच नाही, आणि इंटरनेट व्यवस्थित चालत असल्यामुळे चूक दिसणारही नाही.

सावज इंटरफेसवर एकच नियम: १०.५०.२०.०/२४ कडून १०.५०.१०.०/२४ च्या पोर्ट ४४४४ ला टीसीपी परवानगी. डीएचसीपीची वाट फायरवॉल स्वतः मोकळी करते.

सावजाला डीएनएसची परवानगी मुद्दाम दिलेली नाही. फायरवॉलच्या डीएनएसला विचारू दिलं तर फायरवॉल तो प्रश्न बाहेर नेऊन उत्तर आणते. म्हणजे नावाच्या रूपात माहिती बाहेर आणि उत्तराच्या रूपात आज्ञा आत. डीएनएस टनेलिंग चालतं ते याच वाटेने. ‘फक्त नावं शोधू दे, इंटरनेट नको’ ही मागणी निरुपद्रवी वाटते, पण ती मान्य केली तर सावज बंद राहिलं असं म्हणता येत नाही.

आणखी एक मर्यादा. मेटास्प्लॉइटेबल आणि विंडोज एकाच स्विचवर आहेत, त्यामुळे त्यांचं आपापसातलं बोलणं फायरवॉलपर्यंत येतच नाही. कितीही नियम लिहा, ते लागू होणार नाहीत. एकीतून दुसरीकडे कसं सरकायचं याचा सराव करायचा असेल तर हे चांगलंच. नको असेल तर प्रत्येकीला वेगळं इंटर्नल नेटवर्क द्या. केव्हीएममध्ये एकाच ब्रिजवर पोर्ट आयसोलेशन लावता येतं, प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक व्हीएमचा वेगळा फायरवॉल असतो.

पोहोचत नाही हे सिद्ध करा

बहुतेक मार्गदर्शक ‘पिंग जात नाही ना, मग झालं’ इथे संपतात. पिंग न जाणं हा पुरावा नाही. विंडोजचा फायरवॉल पिंगला सहसा उत्तरच देत नाही, पण त्याच वेळी ४४५ उघडा असू शकतो.

त्यापेक्षा असं करा. होस्टवर पोर्ट ८००० ला एक तात्पुरता वेब सर्व्हर लावा. पायथन असेल तर त्याचा अंगभूत सर्व्हर एका ओळीत उभा राहतो. घरच्या वायफायवरच्या फोनमधून होस्टचा पत्ता टाकून ते पान उघडा. फोनमध्ये उघडलं पाहिजे, नाहीतर होस्टचाच फायरवॉल अडवतो आहे आणि पुढच्या चाचणीला काही अर्थ उरत नाही.

आता कालीमधून तेच पान होस्टच्या तिन्ही पत्त्यांवर मागा: घरच्या नेटवर्कवरचा पत्ता, १०.०.२.२ आणि १९२.१६८.५६.१. तिन्ही अडायला हवेत, आणि फायरवॉलच्या लाइव्ह लॉगमध्ये तिन्ही नोंदी लाल दिसायला हव्यात. मग तिसरा नियम क्षणभर बंद करून पुन्हा मागा. होस्टच्या घरच्या पत्त्यावर तरी आता पान उघडलं पाहिजे. उघडलं तर आधी जे अडत होतं ते तुमच्या नियमामुळेच. न उघडलं तर अडवणारं दुसरंच काहीतरी आहे आणि नियमाची परीक्षा झालेलीच नाही. नियम परत चालू करा आणि निदान विभागात जाऊन जुन्या जोडण्यांच्या नोंदी पुसा. आधीच सुरू असलेल्या जोडणीला नवा नियम लागत नाही, त्यामुळे नियम बदलल्यावर ‘अजून चालतंय’ असं दिसतं आणि माणूस नसलेली चूक शोधत बसतो.

हेच सावजातून करा. त्यात दोन पत्ते वाढवा: घरच्या राउटरचा आणि इंटरनेटवरचा एखादा, उदाहरणार्थ १.१.१.१. शिवाय एखादं नाव सोडवून बघा. उत्तर यायला नको.

होस्टवर वायरशार्क (पाकिटं बघण्याचं साधन) लावून ‘१०.५०.२० ची पाकिटं दिसत नाहीत, म्हणजे बाहेर काही जात नाही’ असा निष्कर्ष काढू नका. वाटेत दोनदा नॅट होतं, एकदा फायरवॉलवर आणि एकदा व्हर्च्युअलबॉक्समध्ये, आणि बाहेर पडताना पाकिटावर होस्टचाच पत्ता असतो. ती दिसणारच नाहीत. बघायचं तर फायरवॉलच्या सावज आणि वॅन इंटरफेसवर पाकिटं पकडा.

नेटवर्क नसलेले रस्ते

इतकं करून शेअर्ड फोल्डर लिहिण्याच्या परवानगीसह चालू ठेवला, तर रॅन्समवेअरला नेटवर्कची गरजच नाही. होस्टवरच्या फाइली त्याला स्थानिक ड्राइव्हसारख्या दिसतात. सावज व्हीएममध्ये शेअर्ड फोल्डर, दोन्ही बाजूंचा क्लिपबोर्ड, ड्रॅग-ड्रॉप आणि यूएसबी बंद. क्लिपबोर्डचं लोकांना फारसं काही वाटत नाही, पण होस्टवर पासवर्ड मॅनेजरमधून कॉपी केलेला पासवर्ड गेस्टमध्येही, म्हणजे व्हीएममध्येही, वाचता येतो, हे लक्षात घ्या.

न लागणारी उपकरणंही काढा. २०१५ मध्ये सापडलेला व्हेनम हा दोष क्यूईएमयूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होता, जे उपकरण तोवर कोणी वापरतही नव्हतं, आणि त्यातून गेस्टमधून होस्टपर्यंत पोहोचणं शक्य होतं. नेटवर्कचे नियम अशा पळवाटेपुढे काहीच करू शकत नाहीत, तिथे हायपरव्हायजर अद्ययावत ठेवणं एवढाच उपाय.

फाइल आत न्यायची झाली तर होस्टवर आयएसओ बनवून सीडी ड्राइव्हला जोडा. गेस्टला त्यावर लिहिता येत नाही, त्यामुळे ही वाट एकेरी राहते.

स्नॅपशॉटची पाचर

व्हर्च्युअलबॉक्सचा स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणी जपून ठेवलेली स्थिती, डिस्कसोबत व्हीएमच्या सेटिंग्जही साठवतो, अडॅप्टर कोणत्या मोडवर होता तेही. समजा विंडोज नॅटवर असताना, अपडेट झाल्या झाल्या तुम्ही ‘ताजी’ नावाचा स्नॅपशॉट घेतला आणि मग ती सावजावर हलवली. महिनाभराने संक्रमित झालेली व्हीएम ‘ताजी’वर परत नेली की ती चुपचाप नॅटवर जाते, आणि पुढचा नमुना तुम्ही थेट इंटरनेटसमोर चालवता. म्हणून क्रम असा: अपडेट, अडॅप्टर सावजावर, वरच्या चाचण्या, मग स्नॅपशॉट. नॅटवरचे जुने स्नॅपशॉट पुसून टाका. ठेवायचेच असतील तर नावातच ‘नॅट’ लिहा.

क्लोन करताना नवे मॅक पत्ते तयार करण्याचा पर्याय निवडा. दोन व्हीएमचा मॅक एक झाला तर डीएचसीपी दोघींना एकच पत्ता देतो आणि जोडणी एक सेकंद आहे, एक सेकंद नाही अशी होते. व्हीएमला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला तर डीएचसीपीपर्यंत तिचा आवाज पोहोचलेला नाही: बहुधा नेटवर्कच्या नावात चूक, किंवा अडॅप्टरची ‘केबल जोडलेली’ ही खूण निघालेली.

ही खूण आणीबाणीलाही कामाला येते. चालू व्हीएम काही विचित्र करताना दिसली तर ती बंद करण्याआधी खिडकीच्या तळाशी असलेल्या नेटवर्कच्या चिन्हावरून केबल काढा. मेमरीतला पुरावा टिकतो आणि रस्ता तुटतो.

मालवेअर चालवायचा असेल तर

मग ही तीन नेटवर्कची लॅबही नको. फक्त दोन व्हीएम आणि तिसऱ्याच नावाचं एक इंटर्नल नेटवर्क. एका बाजूला विंडोज १०.६०.०.२, दुसऱ्या बाजूला रेमनक्स (मालवेअर तपासण्यासाठीचं लिनक्स) १०.६०.०.१. दोन्ही पत्ते हाताने द्यायचे. विंडोजचा गेटवे आणि डीएनएस दोन्ही रेमनक्सकडे. होस्ट कुठेच नाही, फायरवॉल नाही, खरं इंटरनेट नाही.

नमुन्याला मात्र इंटरनेट आहे असं वाटलं पाहिजे, नाहीतर तो गप्प बसतो. त्यासाठी रेमनक्सवर आयनेटसिम चालवा. ते खोटा डीएनएस, खोटी वेबसाइट, खोटा मेल सर्व्हर उभा करतं. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये दोन ओळी बदलाव्याच लागतात: ऐकण्याचा पत्ता आणि डीएनएसने उत्तर म्हणून द्यायचा पत्ता. दोन्ही मूळात १२७.०.०.१ असतात. त्या तशाच ठेवल्या तर विंडोज प्रत्येक नावासाठी स्वतःकडेच जोडणी मागत बसते, किंवा तिला उत्तरच मिळत नाही. दोन्हीकडे १०.६०.०.१ लिहा.

काही नमुने नाव विचारतच नाहीत, थेट आयपीवर जातात. डीएनएसची फसवणूक त्यांच्यावर चालत नाही. त्यासाठी रेमनक्सला कोणत्याही पत्त्यावरची जोडणी स्वतःची म्हणून घ्यायला लावावी लागते, आणि त्याचं छोटं साधन रेमनक्समध्ये तयार आहे. तेही करून नमुना शांतच राहिला तर विंडोजच्या अडॅप्टरचा मॅक बघा. ०८:००:२७ दिसलं की आपण व्हर्च्युअलबॉक्समध्ये आहोत हे बऱ्याच नमुन्यांना लगेच कळतं. सेटिंग्जमध्ये तो बदलून पुन्हा स्नॅपशॉट घ्या आणि नमुना नव्याने चालवा.